पासंग

सियागंजात, मसाल्यांच्या गल्लीच्या तोंडाशी
मुळेकाका तराजू दुरुस्त करायचे.
आईशी लग्न करून ते आमच्या घरी राहायला आले
तेव्हा मी नऊ वर्षांचा.
हातात पत्र्याची एक पेटी, तिच्यात पितळी वजनं,
कधीच बंद पडलेली शेर-छटाकसुद्धा,
आणि कपडे असलेच तर त्यांच्याखाली.

मामा ओट्यावर बसून म्हणाला होता,
"तुझ्या बापाच्या पासंगालाही पुरणार नाही हा माणूस."
पासंग म्हणजे काय, मी काकांनाच विचारलं.
रागावले नाहीत.
तराजू उलटा करून दाखवला:
एका पारड्याच्या पोटाला
शिशाचा चपटा तुकडा, तारेनं बांधलेला.
"हलक्या बाजूला हा सांभाळून घेतो.
गिऱ्हाइकाला दिसत नाही."

शाळेच्या दाखल्यावर नाव शेवटपर्यंत बापाचंच राहिलं.
मीही 'काका'च्या पुढे गेलो नाही.
त्यांची एवढीच खोड,
हातात आलेली वस्तू तळव्यावर जराशी झुलवायची,
खालचा ओठ डावीकडे ओढून, डोळे मिटून,
मग ठेवायची.
नंदलालपुऱ्यातला कोबी, माझं दप्तर,
पोह्यांचा कागद, जिरावनची पुडी वेगळी,
एकदा तापानं फणफणलेला मी.
"बघून नको सांगूस भिया, धरून सांग."

पंचकुइयाला तिसऱ्या दिवशी
मडकं माझ्या हाती दिलं
आणि हात आपसूक खाली-वर झाला.
गुरुजी बघत राहिले.
आकडा मी कुणाला सांगितला नाही.
आईलाही नाही.

त्यानंतर चार वर्षांनी शाल्मली झाली.
फोटोतले काका तिला चष्म्यामुळे ओळखू येतात, तेवढेच.
परवा हातगाडीवरचं सीताफळ उचलून
तिनं डोळे मिटले. ओठ डावीकडे.
"पाव किलोला थोडंसंच कमी."
काट्यावर लाल आकडे आले: दोनशे अडतीस.
गाडीवाला हसला, "किसने सिखाया, बेटा?"
ती माझ्याकडे बघायला लागली.
मी सुटे मोजत होतो.
मोजतच राहिलो.

येताना दोन्ही पिशव्या तिनंच घेतल्या.
कोपऱ्यावर थांबली, हात बदलून पाहिले,
मग उजवीकडच्या पिशवीतलं एक सीताफळ काढून
माझ्या हातात ठेवलं.
"आता झालं सारखं," म्हणाली,
आणि पुढे चालू लागली.