फाळका

नेरूरहून निघताना मोजून भरते :
एकशे दहा चादरी, दोनशे वीस अभ्रे,
टॉवेल वेगळे, निळ्या गाठोड्यात.
देवबागला उतरवताना
रिसॉर्टचा मॅनेजर मोजत नाही.
घडीवरून नुसतं बोट फिरवतो
आणि बोट मला दाखवतो.

बोट तांबडं.

चिऱ्याच्या खाणीपुढचा रस्ता सहा किलोमीटर.
तेवढाच कच्चा. पण तेवढ्यात
पुढच्या ट्रकच्या चाकांमधून जे उठतं
त्याला धूळ म्हणणं कमीपणाचं आहे.
ते पीठ. कुणीतरी सडा दळायला बसलंय
आणि जातं थांबवायचं विसरलंय.

काय काय नाही केलं मी.
हौद्यावर फायबरचा टप बसवला, जुना, हप्त्याने.
सांध्यांना एम-सील.
फाळक्याच्या कडेने सायकलची ट्यूब कापून,
ती वितळली म्हणून रबरी पट्टी,
पट्टीच्या आत ब्लँकेटची किनार.
एका रात्री टपाच्या आत बसले
आणि नवऱ्याला बाहेरून बॅटरी फिरवायला लावली.
जिथे उजेड आत आला तिथे खडूची फुली.
चाळीस फुल्या.
डास चावतायत, तो म्हणतोय झालं का,
मी म्हणतेय अजून खाली, चाकाजवळ.
चाळीसही बुजवल्या.
आत इतका पक्का अंधार झाला
की बाहेर यायला फाळकाच सापडेना.

दुसऱ्या दिवशी बोट तांबडं.
जरा जास्तच.

इनास वेल्डरने टपाभोवती एक फेरी मारली,
कानातली विडी काढली, पुन्हा कानात ठेवली.
"धूळ फुडल्यान येणा नाय गो, मागल्यान येता.
गाडी पळता तशी तिच्या पाठी वाऱ्याची खळी पडता.
तुझो हौदो आतसून उपाशी.
गावात ती फट चोखता.
तेका वारो दी. फुडल्यान."

आणि मी हो म्हणायच्या आत
टपाच्या कपाळाला, केबिनच्या वर,
त्याने हातभर खिडकी कापली.
चाळीस भोकं बुजवणाऱ्या बाईसमोर
हातभर खिडकी!
करवत चालू होती तोवर मी
दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले.

खिडकीवर पत्र्याचं तोंड, समोर बघणारं,
तोंडात स्पंज, तेलात बुडवून पिळलेला.
वारा गाळून आत येतो, आत दाटतो,
आणि ज्या फटींतून धूळ शिरायची
त्याच फटींतून आता बाहेर पडतो.
इनासने पैसे घेतले नाहीत.
नाताळचा कोट आणून दिला,
कॉलर नीट कर म्हणाला, मास लांब चालतो.

पहिल्या खेपेला मॅनेजरने
वरच्या घडीवरून बोट फिरवलं.
बघितलं.
मधल्या घडीवरून फिरवलं.
मग गठ्ठ्याच्या पार तळाशी हात घातला, कोपरापर्यंत.
"आज उशीर झाला," म्हणाला.

शनिवारी स्पंज धुते.
बादलीत जे उतरतं त्याला
आमसुलाच्या पाण्याचा रंग असतो,
ते भेंडीच्या आळ्यात ओतते.
अजून एक फट आहे, उजव्या बिजागरीपाशी,
चाळीसमध्ये नव्हतीच ती. राहू दे.

परतीला मळक्या चादरी.
पाहुणे खाणीच्याच रस्त्याने आलेले,
खिडक्यांच्या काचा खाली करून, फोटो काढत,
चपला काढून तसेच पलंगावर.
पायथ्याशी दोन दोन तांबड्या टाचा,
काही पोरांच्या, बोटभर.
मी चादरी हौद्यात टाकते
आणि फाळका उघडाच ठेवून
गाडी चालू करते.