एसटीने येणारी पुडी

चारोळीच्या झाडावरून पडले त्याला आता तिसरा चैत.
बेंबीखाली माझं काही उरलं नाही,
असं मीही धरून चालले होते.

एकदा सासूच्या हातून पेजेचं भांडं सुटलं पायांवर.
किंचाळली ती.
मी फोड उठताना पाहिले
दुसऱ्याच्या बांधीत पाणी शिरताना पाहावं तसे.
आणि त्याच रात्री त्याच पायांत
माट्यांचं घरटं फुटलं.

झाडावर माटे चावायचे तेव्हा झटकता यायचे,
चिमटीत चिरडता यायचे, आंबट वास यायचा बोटांना.
हे आतून चढतात. यांना वास नाही.

शेजारची बुधाबाई म्हणते,
"पाय त मेले न वो, मंग दुखते काय?"
मी हसते. काय सांगू.
ब्रह्मपुरीच्या डॉक्टरने फायलीच्या पाठीवर
एक उभी रेघ काढली, मधोमध खोडली, म्हणाला,
खालून निरोप येत नाही ना,
मग डोकं आपल्याच मनाने निरोप रचत बसतं.
मला पटलं. आमच्या गावातही असंच चालतं.

प्रीगॅबालिन, पंच्याहत्तर. सकाळी एक, रात्री एक.
निजताना अमिट्रिप्टिलिन, मसुराएवढी पिवळी.
सेवंतीने वहीत लिहून ठेवलंय.
तिचा बाप नाव घेताना अडखळतो,
"परीबाई आली का?" विचारतो फाट्यावर,
कंडक्टर सीटखालून पुडी काढून देतो.

परीबाई फुकट राहत नाही घरात.
तिने तोंडातली थुंकी नेली,
पाऊलं सुजवली,
दुपारी बसल्या बसल्या मान पाडते.
परवा सूप मागायचं होतं,
शब्दच सापडेना.
"ते आण गं... ते, पाखडायचं,"
म्हणाले, आणि पोरीने माझ्याकडे
जरा जास्तच वेळ पाहिलं.

मी दोनदा ठरवलं होतं, बंद करू.

मग श्रावणात सतीचा पूल चार दिवस पाण्याखाली.
दुसऱ्या दिवशी नवऱ्याने शेवटची कॅप्सूल उघडली,
पांढरी पूड कागदावर दोन वाटण्या केली
विड्याच्या पानाला चुना लावतात तेवढ्या काळजीने.
तिसऱ्या रात्री तेही नव्हतं.
मी दोरखंड धरून पलंगावर बसले,
कंबरेपासून अंगठ्यापर्यंत उकळतं डांबर,
घाम, पोटात ढवळ,
सासू पायांवर ओला टॉवेल बदलत राहिली
रात्रभर,
तिला ठाऊक होतं मला ओल कळत नाही,
मलाही ठाऊक होतं,
आम्ही दोघी काही बोललो नाही.

दुखणं जात नाही परीबाईने.
उठून अंगणात जाऊन बसतं एवढंच,
खोकतं तिथून, दिसतं दारातून,
पण मध्ये उंबरा असतो.
तो उंबरा काय असतो ते
त्या रात्री कळलं.

पाचव्या दिवशी पूल मोकळा झाला.
मी म्हटलं, मला ने फाट्यावर. चाकाच्या खुर्चीवरून,
चिखलातून, दोघांनी उचलून नेलं.
एसटी थांबली, नवीन कंडक्टर होता,
पुडी हातात घेऊन ओरडला,
"सेवंताबाई की सेवंती, कोण हाये? नाव पुसलं पान्यानं."

"सेवंती पोरगी हाये," मी म्हणाले.
"पुडी माही."

आणि माझं नाव सांगितलं,
आठवून, पूर्ण.