मंगळवारची रजा

बेदाणा निवडताना हात विचारत नाहीत.
हिरवा इकडं, पिवळा तिकडं, काळा खाली पाटीत.
अकरा वर्षं तासगावच्या या शेडमध्ये
गंधकाच्या वासात बसून
बोटांना आधी कळतं, मला मागाहून.

पाळी चुकली तेव्हा म्हटलं, जायची वेळ आली असेल.
एकेचाळीस. आईची तर अडतिसाव्यालाच गेली.
पण सकाळी चहाचा वास उलटा फिरला,
आणि संडासाला आतून कडी लावून
पन्नास रुपयांच्या पट्टीवर बघितल्या
दोन रेघा.
एक ठळक. दुसरी जरा लाजल्यासारखी.

हौसाक्का म्हणाली, "कच्ची पपई खा, गप जाईल."
मग म्हणाली, "मेडिकलमधलं पोरगं वळखीचं हाय,
चिठ्ठी मागत न्हाई."
मग बराच वेळ चिकटलेले मणी सोडवत बसली,
आणि खालमानेनंच:
"माझ्या धाकट्या जावंनं अशीच खाल्ली हुती.
दोन बाटल्या रगत चढवलं.
तू आपली मिरजंला जा."

घरी सांगितलं, डोळे तपासायचेत.
सतारी करणाऱ्यांच्या गल्लीतून चालत गेले.
दारोदार भोपळे टांगलेले, आतून कोरलेले,
एक म्हातारा एकावर टिचकी मारून
कान लावून ऐकत होता.
मी उगाच थांबले. त्यानं वर पाहिलं नाही.

केसपेपरवर नाव: वैजयंता शिवदास पाटोळे.
सिस्टर सुवार्ता, माझ्याहून लहान, चष्म्याला दोरी.
तिनं दार लावलं, खडखडणारा पंखा बंद केला.
इतकंच केलं, तर मला रडू आलं.

"आठवा आठवडा. वेळ आहे, पण रेंगाळू नका.
ठेवायचं तर या वयात तपासण्या जास्त, साखर, बीपी.
नको असेल तर इतक्यात गोळ्यांनी होतं,
पण इथं, डॉक्टरांच्या नजरेखाली.
जन्म देऊन दुसऱ्या घरी द्यायचं, तेही कायद्यात बसतं.
त्याला दोघांच्या सह्या.
मन फिरलं तर साठ दिवस असतात."

"आणि गोळ्यांना सही?"
"तुमची."
"ह्यांची?"
"तुम्ही सज्ञान आहात ना?"

हसूच आलं मला.
बचत गटाच्या शिलाई मशीनलाही
ह्यांचा अंगठा नाही तर फोन लागला होता.
"बरोबर कोणतं, तेवढं सांगा की."
"ते माझ्याकडं नाही," सिस्टर म्हणाली,
"कशाला काय लागतं, तेवढंच माझ्याकडं आहे."

रात्री ह्यांनी विचारलं, "चष्मा लागला का?"
म्हटलं, "अजून ठरलं नाही."

प्राजूला पिशवीत कार्ड सापडलं. बारावीची पोर.
तिला सगळं सांगितलं, सिस्टरनं सांगितलं तसं,
काही न निवडता.
ती म्हणाली, "मला काहीपण चालेल."
म्हटलं, "तुला चालायचा प्रश्न नाही, बाळा."
हे तोंडातून निघालं आणि माझं मलाच नवल वाटलं.

झोप नाही. हिशेब केला:
ते दहाचं, तेव्हा मी एकावन्नची, गुडघे आत्ताच असे.
आणि कोपरात मावणारं डोकं, टाळूचा तो वास,
तेही आठवलं.
नाही आठवलं असं म्हणणार नाही.

रविवारी ह्यांना सांगितलं.
गाडीच्या चेनला तेल सोडत होते. सोडत राहिले.
चेन ओली होऊन फरशीवर डाग पडला.
मग म्हणाले, "मिरजेला सोडू का?"
"दारापर्यंत सोडा. आत मी जाते."

आज सुपरवायझरला म्हटलं, मंगळवारी येणार नाही.
"का?"
"काम आहे."
"कुणाचं?"
चाळणीत मूठभर मणी होते, ओलसर, एकमेकांना धरून.
"माझं," म्हटलं.
त्यानं हजेरीवर फुली मारली, साडेतीनशे कापले,
आणि मी पुढची पेटी ओढून घेतली.