अकरा तारीख

कार्ड आलं ते चैत्र संपता संपता.
कुरियरवाल्याने कारखान्याच्या ओल्या फरशीवर पाकीट टेकवलं,
म्हणाला, सही करा, हेमलता कोयंडे तुम्हीच ना?

मीच. देवगड बंदरावर बर्फाचा हिशेब लिहिणारी.
लाद्या किती, कुणाच्या होडीला, रोख की उधार,
आणि उधारवाल्याच्या नावापुढे पेन्सिलीने छोटंसं 'ओळ.'
म्हणजे ओळखीचा.

पत्रात लिहिलं होतं, आमचा तुमच्यावर विश्वास आहे.
साठ हजारांचा.
इतका तर सख्ख्या दिरानेही कधी टाकला नव्हता.

पहिला महिना भीत भीत.
जामसंड्याच्या पंपावर दोनशेचं पेट्रोल.
पोराने यंत्र पुढे केलं, मी चार आकडे दाबताना
दुसऱ्या हाताने आडोसा धरला,
वाऱ्यात काडी पेटवताना धरतात तसा.
अकरा तारखेला बिल आलं, त्याच संध्याकाळी भरलं
आणि पास झालेल्या मुलीसारखी घरी गेले.

मग कणकवलीला चष्मा केला. चार हजार आठशे.
दुकानदार म्हणाला, हलकी काच घ्या, कार्ड आहे ना.
परतताना पवनचक्कीची पाती वेगवेगळी दिसली.
इतकी वर्षं मला वाटायचं, ती धुरकटच असतात.
मग रजनीच्या बाळाला पाळणा. मग मिक्सर. घरावर दोन पत्रे.
मग एक चप्पल, जिचं कारण मला अजून सांगता येत नाही.
दर वेळी पर्समध्ये मोबाईल थरथरायचा,
गळाला काही लागल्यासारखा.

इकडे उधाण तिथीने येतं.
अवसेला, पुनवेला पाणी जेटीच्या वरच्या पायरीला,
अष्टमीला भांग, पाणी सुस्त.
हे गणित शिकावं लागलं नाही, अंगातच होतं.
अकरा तारखेचं उधाण कुठल्याच तिथीला बांधलेलं नाही.

एक जूनला बंदी लागली.
होड्या वर ओढल्या, झावळांनी झाकल्या.
कारखाना एका पाळीवर, पगार अर्ध्यावर.
अकराला बिल: एकोणीस हजार सातशे चाळीस.
खाली बारीक अक्षरात, नव्या चष्म्यातून स्वच्छ,
किमान देय नऊशे सत्त्याऐंशी.
किमान. किती मऊ शब्द.
बस्त्यावही दर पावसाळ्यात तेच म्हणतो,
"थोडे घे गो बाये, ऱ्हवलेले नारळी पुनवेक."
मी घेते.
तशीच मी नऊशे सत्त्याऐंशी भरली.

जुलैच्या अकराला व्याज आलं.
एक हजार एकसष्ट, वर त्या व्याजावर कर.
मी भरलं होतं त्याहून जास्त.

कपाट उघडलं. जुन्या वह्या, खाऱ्या हवेने फुगलेल्या.
तारीख, नाव, लाद्या, रुपये, जमा.
पाच रकाने. सहावा कुणी आखलाच नव्हता.
बस्त्यावचे फेब्रुवारीत तीन हजार दोनशे,
जुलैतही तीन हजार दोनशेच.
बँकेकडे माझ्या नावापुढे सोळा आकडे आहेत,
'ओळ.' लिहायला जागा नसेल.

राग नाही आला, खोटं कशाला बोलू.
सगळं आधी कागदावर दिलं होतं, मी वाचलं नाही.
तेव्हा चष्मा नव्हता.
(हे अर्धंच खरं आहे.)

ऑगस्टात होड्या पाण्यात गेल्या.
बस्त्याव आला, ओल्या नोटा टेबलावर पसरल्या,
पिशवीतून एक सरंगा काढून बाजूला ठेवला,
तो हिशेबात धरायचा नाही.
"ह्ये जुन्याचे. आता सहा लाद्ये, लिही."
मी लिहिलं. नाव, तारीख, ओळ.
तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.
"चष्मो बरो दिसता गो. कितक्याक पडलो?"

"अजून ठरूक नाय," मी म्हटलं
आणि पान उलटलं.