पाय धरणं

कारागांदात उणे सव्वीस.
बर्फावर खाणीची काजळी,
खरवडलेल्या तव्यासारखी.

अकरा वर्षं कुस्ती, तीन वर्षं पिंजऱ्यात.
सात जिंकल्या, दोन हरले,
आणि दोन्ही वेळा कारण तेच :
समोरचीचा डावा हात.
उधारी मागायला आल्यासारखा यायचा,
जायचा, लगेच परत यायचा.
मी आपली दारातच उभी.

पहिल्या जिममध्ये म्हणाले, बायकांची वेळ सकाळी दहाची.
सकाळी दहाला मी पावाच्या भट्टीपाशी असते.
दुसऱ्या जिममध्ये भिंतभर आरसे,
आणि महिन्याच्या पैशांत टॉवेल फुकट.
तिसऱ्यांनी घेतलं.
का, ते संध्याकाळपर्यंत कळलं :
त्यांच्या पोरीला हलणारी पिशवी हवी होती.

चौथा पत्ता मैद्याची पोती आणणाऱ्या अनुआरने दिला.
खाणकामगारांच्या जुन्या सभागृहाचं तळघर.
त्सोय म्हातारा कुठे बसतो, विचार.

“काय येतं?”
“पाय धरता येतात.”
“इथे कुणी कुणाचे पाय धरत नाही,” म्हणाला,
आणि गाजराच्या कोशिंबिरीचा डबा मिटला.

तीन आठवडे पिशवीला हात लावू दिला नाही.
फरशीवर खडूची रेघ. तिच्यावर चाल.
मी उभी राहते रुंद, वाकलेली, कोपरं बाहेर.
“गोठ्याच्या दारात अडकलेली गाय,” तो म्हणायचा,
आणि बुटाच्या टोकाने माझी टाच आत ढकलायचा.
“हात आखडता घे, आयझादा!
दिलास की परत घे. दानधर्म आहे का हा?”
“तोंड सांभाळ!”
मी तर अवाक्षर काढलं नव्हतं.

मग काढलं.
त्याने सांगितलं, ठोसा आला की खाली वाक.
मी म्हटलं, आमच्यात खाली गुडघा वाट बघत असतो.
त्याने सांगितलं, भार पुढच्या पायावर.
मी म्हटलं, तो पाय पोटरीपाशी लाथेने सोलतात.
“खेळ आहे की भांडण?”
असं म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.
मी गाडीच्या मागच्या सीटवर बसून
धान्य निवडावं तशी त्याची शिकवण निवडायचे :
हे ठेवायचं, हे टाकायचं.
कधी कधी टाकलेलं रात्री उठून परत घ्यायचे.

फेब्रुवारीत, पोरं गेल्यावर, त्याने कोट काढला.
“दाखव तुझं ते पाय धरणं.”
एकोणसत्तर वय. एकशे चौदा लढती.
एकदाही पडलेला नाही,
हे तो हवामान सांगावं तसं सांगतो.

मी दोन गाद्या जोडल्या. तिसरीही.
त्याचा डावा हात आला.
अजून काय हात आहे म्हाताऱ्याचा!
पण मला तो खांद्यातून निघताना दिसला.
आयुष्यात पहिल्यांदा दिसला.
कानाशेजारून गेला, वारा लागला,
आणि मी त्याच्याखालून आत.

पँटच्या आत पाय म्हणजे नुसते दांडे.
उचलला, आणि झोपलेलं मूल ठेवावं तसा
गादीवर ठेवला.

तो हलेना.
माझ्या पोटात गोळा आला.
मग एक बोट वर झालं.
“ते कधीपासून आहे?”

छतावर कुणीतरी कधीकाळी रंगवलेला खाणकामगार,
अर्धा पोपडे होऊन उडालेला,
दिवा शाबूत, नाक नाही.
पंचेचाळीस वर्षं हा माणूस या तळघरात येतोय.
“पहिल्यापासून आहे,” मी म्हटलं.
“मानेचे व्यायाम करताना रोज दिसतो.”

मी हात पुढे केला. घेतला नाही.
“थांब. बघू दे.”

पुष्कळ वेळाने कुशीवर वळून,
गुडघे टेकून, पाठ माझ्याकडे करून उठायला लागला.
“असं नाही,” मी म्हटलं, “पाठ द्यायची नसते.”

पुन्हा आडवा झाला.
“मग कसं?”

मी खडू शोधायला लागले.