डावी बाजू

साडेअठरा हजार.
माझा पगार तेव्हा नऊ.
वास्कोला उतरलेल्या एका खलाशानं पिशवीतून काढला
तेव्हा हेडफोनला डिझेलचा वास होता.
प्रफुल्ला म्हणाली, फ्रिजचं दार आपण सुतळीनं बांधतो
आणि तुम्ही कानांना घर घेता?

घरच ते. बावीस वर्षं राहतोय,
म्हणजे डागडुजी आलीच.

आधी गाद्या गेल्या.
चौथ्या पावसाळ्यात कातड्याचे पोपडे सुटले,
काळे, कानाला चिकटून ऑफिसात पोचायचे.
हेडक्लार्कबाई विचारायच्या, कानानं शेव खाल्लीत?
म्हापशाला पायलटांच्या मोटारसायकलींच्या सीटा शिवतो तो रुझार,
त्याच्यापुढे ठेवला.
त्यानं आधी माझं डोकं मापलं, मग गाद्या,
आणि विचारलं, ह्या सीटवर बसतं कोण?
मी म्हटलं, तंबोरा.
त्यानं वहीत लिहिलं: तंबोरा, दोन नग.

मग वायर.
खारी हवा तांब्यात कधी शिरते दिसत नाही,
एके दिवशी टोकाशी हिरवं धरलेलं असतं
न घासलेल्या समईसारखं.
मग पट्ट्यातला फोम, त्यात मुंग्यांनी अंडी घातली.
मग बुरशी. कुणीतरी सांगितलं म्हणून
आठ दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला.
प्रफुल्लानं त्याच तांदळाचा भात केला,
म्हणाली, आज भात जरा मंद्रात आहे.

किती टिकला, लोक विचारतात.
गाद्या सहा जोड्या, वायरी तीन,
पट्टा रुझारचा, एक स्क्रू माझ्या जुन्या चष्म्याचा.
मूळचे म्हणावेत तर आतले दोन पडदे,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
आणि मी.

गेल्या चतुर्थीनंतर डावी बाजू बसली.

म्हार्दोळच्या उत्सवातली एक कॅसेट आहे,
मीच भरलेली, सत्याऐंशी साली,
पुढे कॉम्प्युटरवर उतरवली.
गाणारी बाई कुणी मोठी नव्हे.
दुसऱ्या आलापाआधी ती स्टीलचा पेला खाली ठेवते,
आणि त्यानंतरच्या शांततेत
जवारीतून एक रेघ निघते, केसाएवढी.
ती डावीकडे यायची. येईना.

मडगावला इनासियोकडे नेला.
दुकान कसलं, रेडिओंचे सांगाडे आणि मध्ये एक स्टूल.
त्यानं उघडला, मीटर लावला,
च्यक् केलं.
हाका कांयच जावंक ना.

मी म्हटलं, रेघ येत नाही.
त्यानं तो हाताखालच्या पोराच्या डोक्यावर चढवला.
पोरगं सोळाचं. त्याला तंबोरा आणि टेबलफॅन सारखेच.
डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिलं,
मग म्हणालं,
रेघ-बिघ ठाऊक नाही.
मागं एक रातकिडा ओरडतोय.
सारखा.
अजून ओरडतोय.

रातकिडा.

हो की. मांडव कुळागराच्या अंगाला होता.
रेकॉर्डिंग नासवतो म्हणून मी त्याला शिव्या दिल्या होत्या,
एकदा तर माइक टेकवून
पोफळींत चप्पलही भिरकावली होती.
मग किती वर्षं तो बाईंच्या मागे होता
आणि कुठल्या साली, कुठल्या गादीच्या जोडीत
थांबला,
मला पत्ताही नाही.

इनासियोनं पैसे घेतले नाहीत.
झाकण बसवताना एवढंच बोलला, माल बरो आसा.
आणि माझ्याकडे न बघता
स्क्रूड्रायव्हर शर्टला पुसत बसला.

परतताना म्हापशाला उतरलो.
गाद्या अजून दीडेक वर्ष निघाल्या असत्या,
तरी रुझारपुढे ठेवला.
त्यानं वही उघडली. तंबोरा ना?
मी म्हटलं, ह्या खेपेला रातकिडा लिही.
बाजाराचा दिवस. पायलट हॉर्न देत उभे.
तो सुईत दोरा ओवत
डाव्या बाजूनं काहीतरी विचारत होता,
बहुतेक,
किती नग.