नावे

वूस्टरमध्ये एका टायरच्या दुकानाचे
हिशेब मी लिहिते. बारा वर्षांत
एक सेंट इकडचा तिकडे झाला नाही.
म्हणून ऋजुतानं शेतकी वर्गाची निळी वही
माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली,
आई, मेळ बसत नाहीये,
तेव्हा खरं सांगायचं तर मला जरा बरंच वाटलं.

कोकरू, नर, खच्ची केलेलं, कानात बिल्ला ४१७ :
अडीचशे डॉलर.
खुराक, आठ पोती, साडेअठरा दरानं.
पेंढ्याचे तीन गठ्ठे, अठरा.
जंताचं औषध, एकवीस पंचाहत्तर.
दावं, सव्वाचौदा.
जत्रेची प्रवेश फी, दहा.
एकूण चारशे बासष्ट. इथवर अक्षर सुरेख.

वजन एकशे अडतीस पौंड, बोली सव्वाचार,
आले पाचशे शहाऐंशी पन्नास.
बियाणेवाल्या योडरनी घेतलं आणि फोटोपुरतं हसले.
आता नफा हवा एकशे चोवीस पन्नास,
बिस्किटांच्या डब्यात निघाले
एकशे बावीस एकतीस.

दोन डॉलर एकोणीस सेंट.
दुसरी कुणी म्हणाली असती, जाऊ दे.
मी पावत्या इस्त्री केल्यासारख्या मांडल्या,
जीन्सचे खिसे उलटे केले, गराजमध्ये गेले,
आणि तिच्या रबरी बुटात, टाचेशी,
सापडला भिजून वाळलेला कागद :
जत्रेच्या मैदानासमोरचा पेट्रोल पंप,
रात्री नऊ चाळीस,
पेपरमिंटच्या गोळ्या, एक पाकीट.

ट्रक दहाला भरला होता.

हे कुठल्या रकान्यात? ती म्हणाली.
खुराक म्हणावं, तर वजन वाढवायला नव्हतं दिलं.
औषध म्हणावं, तर कुणाचं?
किरकोळ, मी म्हटलं,
आणि म्हणता म्हणताच जीभ चावली.

एप्रिलमध्येच होस्टेटलर सरांनी बजावलं होतं,
विकायच्या जनावराला नाव ठेवायचं नाही.
मी हसले होते. म्हटलं,
आमच्यात माणसांना ठेवतात नावं, जनावरांना नाही.

हिशेब मी शिकले लातूरला, आडतीवर,
लाल बांधणीच्या लांबुळक्या चोपड्यांत.
डावीकडे जमा, उजवीकडे नावे.
मसुद्याचा कागद मी अजून तसाच आखते,
हिच्यासाठीही तसाच आखून दिला होता.
नावे म्हणजे नावं का गं? तिनं विचारलेलं.
हो, मी म्हटलं, पिठाचे हात धूत,
आपलं जे ज्याच्याकडे जातं, त्याचं नाव.

तेवढं तिनं ऐकलं होतं तर.
कागदाच्या उजव्या कडेला, पेन्सिलीनं,
दर पोत्यासमोर, गठ्ठ्यासमोर, दाव्यासमोर,
एकच शब्द, एका त-नं :
बतासा
बतासा
बतासा

मी त दुरुस्त करायला पेन्सिल उचलली
आणि ठेवली.

मग आम्ही दोघींनी ती ओळ लिहिली.
तारीख, वेळसुद्धा. दोन एकोणीस. बतासा, नावे.
मेळ बसला.
येणं आहे, मी म्हटलं, पण वसूल व्हायचं नाही.
अशा वेळी बुडीत खाती टाकतात.
ती वहीकडे बघत राहिली.
नको, म्हणाली. पुढच्या पानावर ओढ.

निळ्या वहीत अजून दोन रिकाम्या जागा होत्या.
केलेलं काम, तास : एकशे एकाहत्तर. दर :
तिथे तिनं रेघ मारली.
वर्षअखेर शिल्लक जनावरं : शून्य.
शिल्लक साहित्य : दावं, एक,
घसारा वजा जाता अकरा डॉलर.
दाव्याच्या गाठीत पांढरी लोकर अडकलेली आहे,
ती कुणी मोजायला सांगितली नाही.

खाली पालकांची सही.
वरील माहिती खरी आहे.
मी सही केली, आणि सवयीनं
आधीचा शून्य पुन्हा एकदा तपासला.